सौम्य ओपिऑइड वेदनाशामकं: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे. पुण्यात पेठेत आमचं मेडिकल आहे. चिठ्ठीवर ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा कोडीन लिहिलेलं असलं की काउंटरपलीकडे बहुतेक वेळा दोनपैकी एका तऱ्हेचं माणूस असतं. एकाला ही गोळी म्हणजे पॅरासिटामॉलची थोरली बहीण वाटते, म्हणून तो जाता जाता आणखी एक स्ट्रिप मागतो. दुसऱ्यानं कुठेतरी ‘अफू’ हा शब्द वाचलेला असतो. तो गोळ्या घरी नेऊन कपाटात ठेवतो आणि रात्रभर कण्हत पडतो. नुकसान दोघांचंही होतं. ही उत्तरं त्या दोघांसाठी लिहिली आहेत. तुमचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, तो इथे वाचून बदलू नका.

सौम्य ओपिऑइड म्हणजे कोणती औषधं?

ओपिऑइड म्हणजे अफूतून मिळणारी किंवा अफूसारखं काम करणारी वेदनाशामकं. त्यातल्या सौम्य गटात आपल्याकडे नेहमी दिसणारी नावं दोन, ट्रामाडॉल आणि कोडीन. टॅपेंटाडॉल बरेच जण याच गटात धरतात, पण ते ट्रामाडॉलपेक्षा बरंच जोरदार आहे. कोडीन अफूतून मिळतं. १८३२ साली फ्रान्समध्ये रोबिके या रसायनशास्त्रज्ञानं ते वेगळं काढलं. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. ट्रामाडॉलचा अफूच्या बोंडाशी संबंध नाही. ते १९६२ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९७७ पासून तिथे विक्रीला आलं.

गोळी पोटात जाते, मग गुडघ्याचं दुखणं कसं थांबतं?

गुडघ्यात ती फारसं काही करत नाही, आणि सूज कमी करणाऱ्या डायक्लोफेनॅकपेक्षा तिचं वेगळेपण इथेच आहे.

समजा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिथल्या नसा ‘इथे दुखापत झाली’ असा निरोप पाठवतात. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो, तिथे एक नस तो दुसऱ्या नसेच्या हवाली करते, आणि ती तो मेंदूपर्यंत नेते. या हवाली करण्याच्या जागी ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात. आपलं शरीर स्वतःच एंडॉर्फिनसारखी वेदना कमी करणारी द्रव्यं बनवतं, त्यांच्यासाठी ही जागा असते. ओपिऑइड औषध नेमकं तिथे जाऊन बसतं. मग पहिली नस निरोपाचं रसायन कमी सोडते आणि दुसरी नस सहजासहजी पेटत नाही.

मेंदूतही हेच रिसेप्टर आहेत, आणि तिथे वेदनेचा छळ कमी होतो. पेशंट माझ्यासमोर अगदी याच शब्दांत सांगतात: “दुखतंय हे कळतं, पण त्याचं काही वाटेनासं होतं.” इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

ट्रामाडॉलचं आणखी एक काम आहे. मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडे वेदना दाबणाऱ्या वाटा येतात, त्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या रसायनांवर चालतात. ट्रामाडॉल ही रसायनं तिथे जास्त वेळ टिकवून धरतं. म्हणून मधुमेहात पायांची आग होते, मुंग्या येतात, तशा नसांच्या दुखण्यातही त्याचा थोडाफार उपयोग होतो. आणि म्हणूनच त्याचे काही धोके बाकीच्या ओपिऑइडपेक्षा वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

‘सौम्य’ आहे, मग एक गोळी जास्त घेतली तर काय बिघडलं?

या एका शब्दानं फार घोळ केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य ओपिऑइड, तिसरीवर मॉर्फिनसारखी तीव्र. ‘सौम्य’ हा शब्द तेव्हापासून जिभेवर बसला. हल्लीच्या सूचनांमध्ये संघटना त्या पायऱ्यांचा तसा आग्रह धरत नाही, शब्द मात्र राहिला.

हिशेब पाहा. तोंडावाटे घेतलेलं १०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल किंवा १०० मिलिग्रॅम कोडीन हे ढोबळमानानं १० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं काम करतं. म्हणजे ट्रामाडॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे मॉर्फिनची एक लहान गोळी. सौम्य म्हणजे एवढंच, की त्याच कामाला जास्त मिलिग्रॅम लागतात आणि डोस वाढवत नेला तर आराम वाढायच्या आधी त्रास वाढतो. प्रौढ माणसासाठी ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे, पंचाहत्तरीच्या पुढे ती ३०० धरतात. ही मर्यादा ओलांडली की आकडी येण्याचा धोका वाढतो. काहींना त्याच्या आतही येते.

शेजारच्या काकूंना याच गोळीनं आराम पडला, मला काहीच फरक नाही. गोळी डुप्लिकेट आहे का?

नाही. हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा तरी येतो, आणि उत्तर तुमच्या यकृतात आहे.

कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एंझाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं, आणि आराम त्या मॉर्फिननं पडतो. ट्रामाडॉलचंही बरंचसं तसंच. हे एंझाइम प्रत्येकाला आईवडिलांकडून वेगवेगळ्या जोराचं मिळतं. काहींचं जवळजवळ कामच करत नाही. त्यांना मळमळ होते, चक्कर येते, पण दुखणं तिथेच. काहींचं भलतंच जोरात चालतं. त्यांच्या अंगात नेहमीच्या डोसातूनही धोक्याइतकं मॉर्फिन तयार होतं.

यात अजून एक गोष्ट हमखास सुटते. डिप्रेशनवरच्या फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या गोळ्या हेच एंझाइम अडवतात. त्यामुळे असं औषध चालू असलेला माणूस “मला लागू पडत नाही” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आणि नाटक तर मुळीच करत नसतो. त्याला संशयानं पाहू नका, आणि डोसही आपल्या मनानं वाढवू नका. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. टॅपेंटाडॉलला या रूपांतराची गरज पडत नाही, हे डॉक्टरांना माहीत असतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्यापेक्षा हे चांगलं की वाईट?

काम वेगळं आहे. त्या गोळ्या दुखापतीच्या जागची सूज आणि दाह कमी करतात. मुरगळलेला घोटा, दाढ काढल्यानंतरची कळ, पाळीतली पोटदुखी यात त्या ओपिऑइडपेक्षा सरस ठरतात. दाढ काढल्यावर बहुतेकांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एवढं पुरतं.

पण त्या गोळ्या जठराला इजा करतात, रक्तदाब वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. “ओपिऑइडनं किडनी जाते” असं लोक मला सांगतात आणि त्याच दमात रोज दोन डायक्लोफेनॅक घेतात! किडनीची भीती तिकडे बाळगायला हवी. किडनी आधीच कमजोर असेल, अल्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टर मुद्दाम ट्रामाडॉलकडे वळतात. अशा किडनीतून ट्रामाडॉल हळू बाहेर पडतं, म्हणून दोन डोसांमधलं अंतर वाढवावं लागतं, एवढंच.

डॉक्टर ही औषधं केव्हा देतात?

हाड मोडल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस, कॅन्सरच्या मध्यम वेदनेत, किडनी स्टोनची कळ इतर औषधांनी थांबली नाही तर. आपल्या शहरात दुचाकीवरून पडून मनगट किंवा कॉलरबोन मोडलेली तरुण मुलं आणि गुडघ्याची वाटी बदललेल्या आज्या, या दोघांच्या चिठ्ठ्यांवर मला ती सर्वात जास्त दिसतात.

वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला मात्र ही औषधं फारशी कामाची नाहीत. नव्यानं सुरू झालेल्या कंबर-मानेच्या दुखण्यातही ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओपिऑइड घेणाऱ्यांना औषधच नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही, आणि त्या चाचणीतलं औषध तर तीव्र गटातलं होतं. कंबरेला हालचाल, व्यायाम आणि शेक यांनीच बरं वाटतं. ते सावकाश होतं, हे मान्य.

पॅरासिटामॉलबरोबरची एकत्र गोळी का देतात?

ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं ते मिश्रण असतं. दोन औषधं दोन वाटांनी काम करतात, म्हणून दोन्ही कमी डोसात भागतं. धोका वेगळाच आहे. ताप आला की माणूस घरात पडलेली पॅरासिटामॉल ६५० वरून घेतो, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतंच. दिवसाची बेरीज ४ ग्रॅमच्या पुढे गेली की यकृत धोक्यात. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा, दिसत नसतील तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. ते आमचं कामच आहे.

तुम्ही चिठ्ठीशिवाय का देत नाही? मागच्या वेळी तुम्हीच दिली होती.

मागच्या वेळी चिठ्ठी होती, आणि त्या दिवसाची नोंदही माझ्याकडे आहे. ट्रामाडॉल आणि कोडीन शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. मला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही आलं.

रात्री पावणेदहाला, शटर अर्ध्यावर आलेलं असताना एक मुलगा येतो, हेल्मेट न काढता म्हणतो, “ताई, दोनच द्या ना, आईचं फार दुखतंय.” खरंही असेल. मला “नाही” म्हणताना वाईट वाटतं. मी त्याला पॅरासिटामॉल देते, जवळच्या चोवीस तास चालू असणाऱ्या हॉस्पिटलचा रस्ता सांगते, आणि आईला आधी काय काय दिलंय ते विचारते. एकदा अशाच विचारण्यातून कळलं की आईंना झोपेची गोळी आधीच दिलेली होती.

सवय लागते का?

दोन गोष्टी वेगळ्या करू. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते. एकदम बंद केलं की घाम, जांभया, जुलाब, अंगात शिरशिरी, बेचैनी होते. ट्रामाडॉल बंद करताना काहींना घबराट आणि विचित्र झटके जाणवतात. हे कुणालाही होऊ शकतं, त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवत आणणं.

व्यसन वेगळं. दुखणं थांबलं तरी गोळी हवीच असते, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणल्या जातात, घरात लपवाछपवी सुरू होते. सौम्य ओपिऑइडनंही ते लागतं. ज्यांना आधी दारूचं किंवा दुसरं कुठलं व्यसन होतं, त्यांनी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या बहुतेकांना मात्र यातलं काही होत नाही.

मी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला. डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिलं होतं. आईनं ते देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, “फारच झालं तर देऊ, उगाच सवय नको.” बाबा उशीचा कोपरा दातात धरून पडायचे. मी फार्माकोलॉजीचं पुस्तक मांडीवर घेऊन शेजारच्या खोलीत बसायचे आणि आईला काही बोलायचे नाही. ज्या माणसापाशी काही महिने उरलेत त्याला सवय लागण्याची भीती कसली? हे तेव्हा बोलायला हवं होतं. म्हणून आता काउंटरवर प्रत्येक वेळी बोलते, समोरच्यानं विचारलं नाही तरी.

व्यसन लागल्याची शंका असेल तर वेळ घालवू नका. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामात आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६.

पोट साफच होत नाही. इसबगोल घेऊ का?

थांबा. आतड्यातही तेच म्यू रिसेप्टर असतात, औषध तिथे बसलं की आतड्याची हालचाल मंदावते. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेपर्यंत राहतं. इसबगोल पाणी धरून फुगतं. आतडंच हलत नसेल आणि पेशंट पाणीही कमी पीत असेल, तर तो गोळा आतच बसतो. इथे सोनामुखीसारखं आतड्याला हलवणारं औषध किंवा मल मऊ करणारं लॅक्टुलोज लागतं. कोणतं आणि किती, ते ओपिऑइड सुरू करतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. तीन दिवस परसाकडे झालं नाही म्हणून रडवेल्या झालेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. दुखण्यासाठी दिलेलं औषध त्यांनी त्यापायीच बंद केलं होतं.

गाडी चालवली तर चालेल?

पहिले काही दिवस आणि डोस वाढवल्यावर, नाही. स्कूटरही नाही.

कोणत्या औषधांबरोबर अजिबात नको?

दारू. झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोलपिडेम. मेंदूत श्वासाची लय सांभाळणारी जागा असते, तिला ही सगळी मिळून मंद करतात. नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबालिन ट्रामाडॉलबरोबर बरेचदा दिलं जातं. डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर ठीक, पण दोन डॉक्टरांनी एकमेकांना न कळता दिलेलं असेल तर सांगा. झोपेत श्वास अडकणारे, मोठ्यानं घोरणारे आणि जुना दमा किंवा सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेले यांनीही ते आधी सांगायचं.

ट्रामाडॉल आणि डिप्रेशनवरची औषधं एकत्र आली की सेरोटोनिन फार वाढू शकतं. हातपाय थरथरणं, घाम, ताप, स्नायू ताठरणं, भ्रमिष्टपणा अशी लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल. आकडीचा त्रास असलेल्यांनी ट्रामाडॉलच्या आधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं. मधुमेहींनी साखर पाहत राहायची, ती या औषधानं उतरू शकते.

लहान मुलांना, अंगावर पाजणाऱ्या आयांना?

बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडॉल देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये सांगितलं. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास थांबून मृत्यू झाला होता. त्यांतली काही जोरदार एंझाइमची होती. पाजणाऱ्या आईच्या दुधातूनही मॉर्फिन बाळाकडे जातं, म्हणून त्यांनाही ही औषधं टाळतात. घरातल्या मोठ्यांच्या खोकल्याच्या बाटलीत कोडीन असू शकतं. चमचाभर नातवाला देण्याआधी लेबल पाहा, नाहीतर बाटली घेऊन माझ्यासारख्या कुणाकडे या.

आजोबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. द्यावं का?

देता येतं, कमी डोसापासून सुरू करून. त्यांना रात्री लघवीला उठताना तोल जाण्याची, गोंधळल्यासारखं होण्याची भीती जास्त. बाथरूमचा दिवा चालू ठेवा, पलंगाजवळची सतरंजी काढा. ट्रामाडॉलनं रक्तातलं सोडियम उतरलं तरीही माणूस असंबद्ध बोलतो, त्याला “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका.

डोस जास्त झाला हे कसं ओळखायचं?

हाक मारली तरी जागं न होणं, श्वास फार सावकाश आणि उथळ चालणं, ओठ निळसर पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं. १०८ ला फोन करा, कुशीवर झोपवा, उलटी करवण्याच्या फंदात पडू नका. हॉस्पिटलमध्ये नॅलॉक्सोन देतात, ते रिसेप्टरवरून औषधाला हटवतं. ट्रामाडॉलचा मात्र काही भागच त्यानं उलटतो. स्ट्रिप सोबत न्या.

पुणे मॅरेथॉनला धावायचंय, आणि नंतर दुबईला जायचंय…

धावपटूंसाठी: १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल स्पर्धेच्या काळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंद आहे. दुबईसाठी: यूएईत ते नियंत्रित औषध आहे, बॅगेत टाकण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. इथली चिठ्ठी आहे म्हणून तिथे चालेल असं समजू नका.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

ठेवायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ मध्ये काही औषधांची यादी दिली, जी वापरून उरली तर संडासात टाकून पाणी सोडावं. ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल तीत आहेत. इतर औषधांना हा नियम लावू नका.

सौम्य औषधानं भागत नसेल तर?

मग पुढच्या औषधाला घाबरू नका. कॅन्सरच्या वेदनेत सौम्य ओपिऑइडचा डोस ताणत बसण्यापेक्षा थोडं मॉर्फिन बरं, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. २०१४ च्या दुरुस्तीनं अमली पदार्थांच्या कायद्यातली मॉर्फिन मिळवण्याची किचकट परवान्यांची वाट बरीच सोपी केली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे कॅन्सरच्या पेशंटची मोफत काळजी घेतात आणि घरच्यांनाही शिकवतात. शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता जा, लवकर गेलात तर जास्त उपयोग होतो.

डॉक्टरांना दुखणं नीट सांगता येत नाही. काय करू?

“फार दुखतंय” यापलीकडे बहुतेकांना काही सुचत नाही, आणि ओपीडीत वेळ कमी असतो. एक छोटी वही करा. गोळी किती वाजता घेतली, तासाभरानं दुखणं शून्य ते दहापैकी किती, पुन्हा किती वाजता चढलं, त्या वेळात काय जमलं: जिना उतरता आला का, पूर्ण झोप लागली का, स्वतः आंघोळ केली का. पोट कधी साफ झालं तेही लिहा. चार दिवसांची अशी दोन पानं पुरतात. ती वही आणि सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या.